भामट्यालाही ‘साहेब’ म्हणणारे काका

“फ्रॉड कॉलमध्ये फसल्यापासून बाबा फोनच उचलत नाहीत, डोक्यावर परिणाम झाला का हो मॅडम?” हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या घरच्यांकडून हल्ली सारखा येतो. तर नाही हो. जुळे सोलापुरातल्या एका काकांचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय.

काका सूतगिरणीत हेडक्लार्क होते, आता रिटायर. सूनबाई घेऊन आली, म्हणाली फोन ज्वारीच्या डब्यात ठेवतात, बेल वाजली की घाम फुटतो. झालं असं, तुमच्या नावाचं पार्सल मुंबईत पकडलंय त्यात ड्रग्ज निघाले असा फोन आला, मग व्हिडिओ कॉलवर खाकीवाला, कॉल कट करायचा नाही, घरात सांगायचं नाही, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. पाच तास काका खुर्चीत, बाथरूमला जायला पण परवानगी मागितली! मग बँकेत जाऊन स्वतःच्या हाताने चार लाखांचं आरटीजीएस.

आणि हे सगळं मला सांगताना काका त्या भामट्याला “साहेब”च म्हणत होते. साहेब म्हणाले, साहेब चिडले. तिथंच माझ्या लक्षात आलं. अक्कल कमी पडली असं नाहीये, आयुष्यभर साहेबाचा फोन मध्येच ठेवायची सवयच नाही.

डिजिटल अरेस्ट असलं काही कायद्यात नाहीच, हे आता त्यांना पाठ होतं. पण लाजेपायी चार दिवस गप्प बसले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला जितक्या लवकर फोन जाईल तितका पैसे पुढं सरकायच्या आत अडवायचा चान्स जास्त, त्यामुळं ते चार दिवस मला त्या पाच तासांपेक्षा जास्त टोचतात. म्हणून घरच्यांना सांगते, “एवढे शिकलेले असून कसे फसलात” हे वाक्य आधी गिळा.

मग आम्ही प्रॅक्टिस केली. मी खोटी इन्स्पेक्टर, त्यांनी फक्त “ठेवतो” म्हणून कट करायचं, उत्तर द्यायचं नाही, वाद तर घालायचाच नाही. पहिल्यांदा काका म्हणाले, “सॉरी मॅडम, ठेवू का?” चौथ्या वेळी जमलं.

परवा नव्या नंबरवरून त्यांना अपॉइंटमेंटची आठवण करायला फोन केला. माझं वाक्य पण पुरं होऊ दिलं नाही, कट! पाच मिनिटांनी माझ्या जुन्या नंबरवर त्यांचा फोन, “मॅडम, आत्ता तुम्हीच होता का?”

पैशाचं मात्र अजून काही कळलेलं नाही, तक्रार चालू आहे.