वॉशिंग मशीनमध्ये पाणी अगदी हळू येतंय, नळाला मात्र धार चांगली आहे. काय बघावं?

बहुतेक वेळा मशीनमध्ये पाणी शिरतं तिथली जाळी तुंबलेली असते. मशीन बंद करून प्लग काढा, नळ बंद करा, खाली बादली ठेवा आणि मागचा पाणी येण्याचा पाइप मशीनकडच्या बाजूने सोडवा. आत बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी दिसेल. पक्कडीने हलकेच सरळ ओढा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर तिच्यावर गाळ आणि पांढरा क्षार हमखास सापडतो. कोमट पाण्यात व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा. टोचून भोक मात्र पाडू नका, कचरा थेट इनलेट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी आत सोडणाऱ्या झडपेत जातो. काही पाइपांना नळाच्या टोकालाही जाळी असते, ती लोक विसरतातच.

जाळी स्वच्छ असूनही तेच? मग सुटा पाइप बादलीत धरून नळ सोडा. इथेच धार बारीक असेल तर पाइप मुडपलाय किंवा दाब कमी आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी जेमतेम डोक्यावर असली की हे होतंच. 10 फूट उंचीला दाब जेमतेम 0.3 बार मिळतो. तिथे छोटा प्रेशर पंपच लागतो.

धार जोरात असेल तर बहुधा इनलेट व्हॉल्व्ह गेलाय. मेकॅनिक बोलवा, पण थेट पीसीबी (मशीनचं इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) बदलायला सांगू लागला तर आधी व्हॉल्व्ह तपासून घ्या.