गाडी मागे घेताना वाजते ती पियानोची धून कोणती?

तुम्ही विचारलंय की फोन होल्डवर ठेवल्यावर आणि गाडी मागे घेताना वाजते ती पियानोची धून कोणती, आणि अशा तोंडपाठ असलेल्या धुनांची नावं शोधायची कशी. पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे: जर्मन संगीतकार बीथोव्हनची ‘फ्यूर एलीझ’, म्हणजे ‘एलीझसाठी’. पण ‘गाडी मागे घेताना’ हे शब्द वाचले आणि मला राहवलं नाही.

आमचं मूळ घर म्हार्दोळला. तेरा वर्षांची असताना मी दर शनिवारी फोंड्याला बस बदलून, बोरीचा पूल ओलांडून मडगावला पियानो शिकायला जायची. टीचरचा पियानो जुना होता. पावसाळ्यात त्या त्याच्या पोटात एक बल्ब पेटता ठेवायच्या, नाहीतर दमट हवेनं लाकूड फुगायचं आणि दाबलेली पट्टी वर यायची नाही. ‘फ्यूर एलीझ’च्या नुसत्या पहिल्या पानाला मला दोन महिने लागले. उजव्या हाताचं सगळ्यांना येतं. डावा हात खालून तीन सूर चढत येतो आणि पुढचे सूर उजव्या हाताकडे सोपवतो. तो सांधा ऐकणाऱ्याला कळता कामा नये, हा टीचरचा हट्ट. तो जुळेपर्यंत पान उलटायचं नाही.

त्या वर्षी चवथीला सगळं कुटुंब जमलं होतं. घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीनं आरती आटोपली, पानं वाढायला अवकाश होता, म्हणून चुलतभावाचा कॅसिओ स्टुलावर मांडला आणि मला म्हणाले, वाजव काहीतरी. मी पहिले नऊ सूर वाजवले असतील. पोरं ओरडली, “व्हॅन मागे येतेय, सरका!” सगळे हसले. काका म्हणाले, “एवढी फी भरून मडगावला जाऊन हेच शिकलीस? हे तर आमच्या गाडीला फुकट आलंय.”

मी तिथेच थांबले. पुढचं वाजवलंच नाही.

काकांना तेव्हा जे सांगता आलं नाही ते इथे सांगते. गाडीला जे फुकट आलं होतं ते अख्ख्या रचनेतले पहिले काही सेकंद. ही धून गाड्यांत आणि फोनांत गेली त्याचं कारण अगदी साधं आहे. सुरुवातीला एका वेळी एकच सूर वाजतो, त्यामुळे ती स्वस्तातल्या चिपवरही बसते, आणि रचनाकाराला जाऊन इतकी वर्षं झालीत की कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. तैवानमध्ये तर कचऱ्याच्या गाड्या हीच धून वाजवत गल्लीत येतात. पण त्या सेकंदांनंतर रचना दुसरीकडेच जाते. एक हसरा, भराभर धावणारा भाग येतो. पहिली धून परतते. मग डाव्या हातात एकच खालचा सूर ठोके पडावेत तसा वाजत राहतो आणि वर सगळं गडद होत जातं. तिथून उजवा हात पायऱ्या चढावा तसा वर जातो, एकही पट्टी न गाळता घसरत खाली येतो आणि पुन्हा त्याच पहिल्या सुरांवर उतरतो. त्या वेळी ते नऊ सूर ऐका. गाडी आठवणार नाही. जेमतेम तीन मिनिटांची रचना आहे, काकांनी तेवढा वेळ दिला असता तर पानं थंड झाली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी पेटी काढली आणि म्हणाले, “काल अर्धवट राहिलं ते दाखव.” बाबा देवळातल्या भजनाला पेटीवर असायचे, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपी, त्यांना येत नव्हती. मी सावकाश वाजवत गेले, ते शोधत गेले. तीन-चार वेळा चाचपडले, मग भाता थांबवून म्हणाले, “अगं, यात दोन्ही मध्यम आहेत!” खरंच आहेत. शेवटचा सूर षड्ज धरला तर सुरुवात अशी होते: प, तीव्र म, प, तीव्र म, प, रे, शुद्ध म, कोमल ग, सा. दोन महिने वाजवून मला हे दिसलं नव्हतं. मग त्यांनी नाव विचारलं, आणि भजनाच्या वहीत ‘फ्यूर एलीझ – बीथोव्हन’ असं लिहून खाली सरगम उतरवली. ती वही माझ्याकडे आहे.

काकांचं दुसरं म्हणणं असायचं की हे आपलं नव्हे, आपण नाट्यगीत ऐकावं. नाट्यगीत मीही ऐकते. पण आमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहां हो’, 1977 साली नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या ध्वनिमुद्रित तबकडीत अवकाशात गेली, आणि त्याच तबकडीवर पियानोवादक ग्लेन गूल्डनं वाजवलेली जर्मन संगीतकार बाखची रचना आहे. तिथे दोघं शेजारी नांदतात, मग आमच्या ओसरीवर काय अडचण होती?

तर नावं शोधण्याबद्दल. गूगलच्या ॲपला दहा-पंधरा सेकंद गुणगुणून दाखवा, बऱ्याचदा सापडतं. नाव का हवं, तर नावाशिवाय पुढचा भाग मिळत नाही, तुम्ही जन्मभर त्या नऊ सुरांतच राहता. तुमची धून ‘फ्यूर एलीझ’ नसेल तर हे ऐकून पाहा: दुडक्या चालीची, लष्करी थाटाची असेल तर मोझार्टचा ‘टर्किश मार्च’. हळुवार, झोक्यासारखी असेल तर शोपॅंचं नॉक्टर्न, ओपस 9 क्रमांक 2. तीन-तीन सुरांच्या लाटा आणि वर एकच सूर टोचत राहणारा, तर ‘मूनलाइट सोनाटा’.

एक मात्र सांगायला हवं. ही नावंही सगळी पक्की नाहीत. ‘मूनलाइट’ हे नाव बीथोव्हननं दिलेलं नाही, तो गेल्यावर एका समीक्षकाच्या लिखाणातून ते रूढ झालं. पियानोच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात तो बाखचा ‘मिन्युएट इन जी’ बाखचा नसून क्रिस्टियान पेट्झोल्डचा आहे. आणि ‘फ्यूर एलीझ’ छापली गेली 1867 मध्ये, बीथोव्हन गेल्यावर 40 वर्षांनी. मूळ हस्तलिखित हरवलं, त्यामुळे ही एलीझ कोण यावर अजून वाद चालू आहे. छापणाऱ्यानं ‘तेरेझ’चं ‘एलीझ’ वाचलं असंही काही जण म्हणतात. तरी शोधताना हेच नाव टाका, त्यानंच सापडेल.

गुणगुणूनही सापडलं नाही तर पेटीवर बसून पहिल्या आठ-दहा सुरांची सरगम लिहून कळवा, कोमल-तीव्रासकट. मी वाजवून बघते.