रानात निघालेली जुनी खापरं विद्यापीठाच्या संग्रहालयाला दिली तर तिथे नुसती पडून राहतील का?

भिलवडीजवळच्या मळीच्या रानात जेसीबी लावला, चार फुटांवर राखेचा थर आणि खापरं निघाली, असं तुम्ही लिहिलंय. पोत्यात भरून पुण्याला दिली तर धूळ खात पडतील का, हा तुमचा प्रश्न. पडतील. पण पोतं अजून भरलं नसेल तर कृपा करून भरू नका.

मी कऱ्हाडचा. शाळेत असताना पूर ओसरला की मी आणि चुलतभाऊ नदीची दरड धुंडाळायचो आणि मिळेल ते खापर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या बौद्ध स्तूपावरच्या शिलालेखांत आमच्या गावाचं नाव ‘करहकट’ असं येतं, हे कुणीतरी सांगितलेलं, त्यामुळे डबा म्हणजे खजिनाच वाटायचा. बारावीनंतर तो घेऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेलो, तुम्ही म्हणता ते पुरातत्त्वाचं विद्यापीठ ते हेच. तिथल्या एका सरांनी एक तुकडा उचलला, ते कसं भाजलंय ते बघितलं, काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “कोयनेच्या काठाचा की कृष्णेच्या?”

मला सांगता येईना. सगळं एकातच कालवलेलं! सरांनी चहा पाजला आणि डबा परत दिला.

जाताना आतल्या खोलीतला एक ट्रे मात्र दाखवला. प्रत्येक खापराच्या आतल्या बाजूला शाईने मुंगीएवढी अक्षरं : गावाची खूण, खड्ड्याची खूण, थराचा आकडा. काचेच्या कपाटात जातं ते हजारातलं एखादं. बाकीची अशा ट्रेमध्ये असतात, आणि अभ्यासकाचं खरं काम तिथेच चालतं. संगमनेरजवळच्या जोर्व्याला १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा तांबडी, काळ्या रंगाने नक्षी काढलेली, तोटीची भांडी मिळाली. आज कुणाच्या बांधावर तसा तुकडा दिसला की जाणकार लगेच तीन हजार वर्षं मागे जातो, ते थरांसकट नोंदलेल्या अशा खापरांमुळेच. आपल्या भागातलं सांगायचं तर कोल्हापूरची ब्रह्मपुरी. पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि दीक्षितांनी १९४५-४६ मध्ये तिथे खणलं. लोक टाऊन हॉलच्या संग्रहालयात तिथली रोमन धाटणीची काशाची मूर्ती बघायला जातात, पण सातवाहनांचा थर कुठे संपला आणि बहमनींचा कुठे लागला, हे सांगायला साधी खापरंच लागतात.

आणि ‘पुण्याला गेलं की गेलं’ ही आपल्याकडची जुनी कुरकुर. साताऱ्यात तर ती जास्तच. इतिहास संशोधक द. ब. पारसनिसांनी जमवलेला ऐतिहासिक कागदपत्रांचा, चित्रांचा संग्रह १९३९ मध्ये साताऱ्याहून डेक्कन कॉलेजात हलवला. माझ्याही मनाला ते लागतं. पण कागदाचं एक बरं असतं, कुणी कुणाला लिहिलं ते त्याच्यावरच असतं. खापराला ती सोय नाही, ते जागेवरून उचललं की मुकं होतं.

म्हणून आता एवढं करा. जेसीबी दुसऱ्या टोकाला न्या. खड्ड्याची कड खुरप्याने साफ करून, शेजारी फूटपट्टी ठेवून, थर दिसतील असे फोटो घ्या. गट नंबर आणि विहिरीपासूनचं अंतर वहीत लिहा. मग राज्य पुरातत्त्व विभागाला आणि पुण्याला, दोन्हीकडे कळवा. नाणी किंवा धातूचं काही निघालं असेल तर तहसीलदारांच्या कानावर घाला : १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या किमतीचं धन जमिनीत सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. ‘सरकार रान घेईल’ म्हणून लोक दडवतात, पण चार खापरं निघाली म्हणून कुणाचं रान गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

जी आधीच उचललीत ती धुऊ नका. राख चिकटलेली असेल तर ती तशीच राहू द्या, आणि खड्ड्याच्या कुठल्या बाजूची ते चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्याच पिशवीत टाका.

माझा डबा अजून माळ्यावर आहे.