पोट लहान झालं, ताट तेवढंच

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम 30 मिलीची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. यातलं कोणतं झालंय ते पत्रात जरूर लिहावं, उत्तर त्यावर बदलतं.

पुढच्या महिन्यात आमच्या यजमानांचं स्लीव्हचं ऑपरेशन आहे. आधीचे पंधरा दिवस भात, भाकरी, साखर बंद. नेमकी चार दिवस आधी भावकीत म्हाई (मटणाची पंगत) आहे. एक दिवस चालेल का?
— एक भगिनी, कागल तालुका

नाही चालणार. हा उपास वजनासाठी नाही, यकृतासाठी आहे. लठ्ठपणात यकृत चरबीनं फुगतं आणि त्याचा डावा भाग बरोबर जठरावर पडलेला असतो. दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो. दिवसाला 800 ते 1000 कॅलरी आणि अगदी कमी पीठ-साखर ठेवली की यकृतातला साखरेचा साठा आणि त्याबरोबरचं पाणी उतरतं, मागोमाग चरबी. दोन आठवड्यांत ते लहान आणि लवचीक होतं. म्हाईच्या एका पंगतीत भात-रस्सा झाला की तो साठा पुन्हा भरायला लागतो. फुगलेलं यकृत उचलताना फाटून रक्त येऊ शकतं, जठर नीट दिसलं नाही तर ऑपरेशन अर्धवट थांबवावं लागतं. यजमानांना म्हाईला जाऊ दे, पण घरून जेवून. नाहीतर मटणाचे तीन-चार तुकडे आणि काकडी, एवढ्यावर उठायचं.

पत्रात त्यांना मधुमेह असल्याचं लिहिलंय, ते जास्त महत्त्वाचं. जेवण निम्म्यावर आलं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक उतरते. डोस आधीच कमी करून घ्यावा लागतो. गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल तर उपास सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना दाखवा. ती ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करतात, कारण साखर साधी दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं.

आणि तंबाखू. सिगारेट नाही म्हणणाऱ्या घरातही मिश्री असते आणि ती कुणी 'तंबाखू'त धरत नाही. निकोटीन हिरड्यांतूनही रक्तात जातं, टाके भरायला उशीर होतो, बायपासमध्ये जोडावर अल्सर होतो. किमान सहा आठवडे आधी बंद, आणि नंतर कायमची.

आईचं स्लीव्ह होऊन नऊ दिवस झाले. मी रोज मटणाचं अळणी (शिजवलेल्या मटणाचं पाणी) करून देतेय, ताकद यावी म्हणून. तरी ती गळून गेलीय. मऊ भात सुरू करू का?
— एक वाचक, राजारामपुरी

भात नको. आणि अळणीबद्दल एक गैरसमज आपल्याकडे घट्ट बसलाय. गाळलेलं अळणी म्हणजे पाणी, मीठ आणि थोडा अर्क. खरं प्रोटीन गाळणीत राहिलेल्या मटणात असतं. पाणी पोटात जावं म्हणून अळणी उत्तम (वरची चरबी गार करून काढून टाका), ताकदीसाठी नाही. आईंना दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रोटीन हवं आणि या टप्प्यावर ते पावडरीशिवाय गाठणं जवळपास अशक्य. साय काढलेल्या 200 मिली दुधात 6 ते 7 ग्रॅम असतं. त्यात 20 ते 25 ग्रॅम प्रोटीन देणारी व्हे पावडर मिसळून दिवसातून दोनदा द्या. एकेक पेला तास-दीड तासात संपवायचा. दुधानं पोट फुगलं किंवा जुलाब झाले तर व्हे आयसोलेट (दुधातली साखर जवळजवळ काढलेली व्हे पावडर) पाण्यात. दूध कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध कितीही प्रेमानं आणलं तरी आत्ता नको. ते कच्चं असतं आणि स्निग्धही फार.

टप्पे साधारण असे: दोन आठवडे फक्त पातळ. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं: मुगाचं घट्ट वरण, चक्का दुधात सैल करून, उकडलेल्या अंड्याचा बलक-पांढरा एकत्र घोटून. पाचव्या-सहाव्यात काट्यानं मोडेल असं: पनीर, मऊ अंडाभुर्जी, उकडलेला मासा. त्यापुढे नेहमीचं, पण मटणाचा खिमा आधी, तुकडा नंतर. तुमच्या सर्जननी दिलेला कागद वेगळा असेल तर तोच धरा. घाई केली तर ताज्या टाक्यांच्या रांगेवर दाब येतो, एवढ्यासाठी हे सगळं.

गळून जाण्याचं पहिलं कारण मात्र बहुतेकदा पाणी. 30 मिली, म्हणजे दोन मोठे चमचे, दर पंधरा मिनिटांनी घेतलं तर बारा तासांत जवळजवळ दीड लिटर होतं. घड्याळ लावूनच होतं, तहान लागेल तेव्हा म्हटलं तर निम्मंही होत नाही. लघवी गडद झाली, उठताना अंधारी आली तर पाणी कमी पडलंय. रक्तदाबाची गोळी जुन्याच डोसनं चालू असेल तर तेही विचारा.

पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो तो ऑपरेशनवेळी भरलेल्या गॅसमुळे. पण आता नाडी 120 च्या वर, ताप, धाप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा डाव्या खांद्यात नव्यानं कळ यातलं काही दिसलं तर टाक्यातून गळती समजून रात्री असलात तरी निघा, ऑपरेशन केलेल्या दवाखान्यातच. एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल तरी तसंच.

बायपासला चार महिने झाले. भाकरी जाते, पण चपाती आणि भात छातीत अडकतो, तोंडाला फेस येतो. वरून पाणी प्यायलो की उलटी.
— एक वाचक, इचलकरंजी

मऊ चपाती आणि भात यांचा ओला गोळा होतो आणि अरुंद तोंडाशी बसतो. ज्वारीची कडक भाकरी चुरा होऊन जाते. फेस म्हणजे अडकलेल्या घासावर साठलेली लाळ. अशा वेळी घोटभर पाण्यानं 'ढकलायचं' नाही, चूल तुंबल्यावर आणखी लाकूड घालण्यातला प्रकार आहे तो. खाणं थांबवा, उभे राहा, चाला, बहुतेकदा अर्ध्या तासात उतरतं.

रोजचा नियम: करंगळीच्या नखाएवढा घास, 20 ते 30 वेळा चावून, जेवायला 20 ते 30 मिनिटं. पाणी जेवताना नाही, आणि नंतर अर्धा तास नाही. चपाती आणखी दोन महिने सोडा.

पण मऊ आणि पातळसुद्धा अडकायला लागलं तर सवयीचा दोष नव्हे, जोड आकसलेला असू शकतो. दुर्बिणीतून फुग्यानं रुंद करता येतो. उलट्या दोन-तीन दिवसांच्या पुढे चालूच राहिल्या तर थायमिन (बी-1) संपत जातं. मग डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, तोल जाणं सुरू होतं आणि उशीर झाला तर मेंदूला कायमचा धक्का बसतो. सलाइन लावताना 'बायपास झालंय, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या' हे नातेवाइकांनी स्वतः सांगावं.

गुऱ्हाळावर पेलाभर रस प्यायलो. वीस मिनिटांत छाती धडधडली, घाम, जुलाब. दोन तासांनी हातपाय थरथरले. हृदयाचं काही?
— एक वाचक, करवीर तालुका

पहिलं 'डंपिंग', दुसरं त्याचाच उशिरा येणारा भाऊ. पेलाभर रसात 30 ग्रॅमच्या आसपास साखर असते, ती बायपासच्या पिशवीतून थेट आतड्यात कोसळते. आतडं रक्तातलं पाणी खेचून घेतं म्हणून धडधड, मग इन्सुलिन जास्त सुटतं आणि साखर पडते म्हणून थरथर. रस, काकवी, कॉकटेल आइस्क्रीम बंद. छातीत दुखत असेल किंवा न खाताही धडधडत असेल तर मात्र ईसीजी काढा.

बायपासला सव्वा वर्ष झालं, 34 किलो उतरले. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद केल्या. आता तळपायाला मुंग्या येतात.
— एक भगिनी, गडहिंग्लज

शरीरातला बी-12 चा साठा पुष्कळ दिवस पुरतो, म्हणून गोळ्या सोडल्यावर लगेच काही होत नाही आणि माणूस फसतो. मुंग्या आल्यात म्हणजे नसांपर्यंत पोचलंय. याच आठवड्यात बी-12, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइड हॉर्मोन) तपासा. तपासणीआधी नुसतं फॉलिक अॅसिड घेऊ नका, रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

पुढे आयुष्यभर: रोज मल्टिव्हिटॅमिन, बी-12 रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, ड जीवनसत्त्व रोज 3000 युनिटच्या आसपास, पाळी येणाऱ्या बाईला लोह 45 ते 60 मिलिग्रॅम. कॅल्शियम दिवसाला 1200 ते 1500 मिलिग्रॅम, 500 च्या तीन वाटण्यांत, आणि 'सायट्रेट'च, कारण कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं आणि पिशवीत ते उरलेलं नसतं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, लोहावर लगेच चहा नाही. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन बायपासनंतर वर्ज्य. मेडिकलमध्ये 'एक दुखायची गोळी द्या' म्हटलं की हातात बहुधा तीच पडते.

मुलीचं स्लीव्ह दिवाळीत झालं. वैशाखात लग्न आहे. केसही फार गळतायत. सासरी सांगावं का?
— एक आई, शिरोळ

सांगायचं की नाही हे मुलीनं ठरवावं. मूल मात्र ऑपरेशनपासून 12 ते 18 महिने नको. वजन झपाट्यानं उतरताना पाळी आणि गर्भधारणा उलट सुरळीत होते, म्हणून 'आधी राहत नव्हतं' यावर विसंबू नका. उलट्या होत असतील तर तोंडावाटे गोळीचा भरवसा नाही, तांबी किंवा इंजेक्शन बरं. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात आणि वर्षाच्या आत बहुतेक परत येतात. त्यानंतरही गळाले तर प्रोटीन आणि फेरिटिन पाहा.

उंची 160 सेंमी, वजन 86, मधुमेह आहे. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, मेडिक्लेमवाले नाही म्हणतात.
— एक वाचक, शाहूपुरी

दोघंही आपापल्या नियमानं बरोबर आहेत. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 33.6. भारतीयांसाठी मधुमेहासह 32.5 च्या पुढे डॉक्टर विचार करतात. विम्याच्या प्रमाणित अटीत 40, किंवा 35 सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, तीव्र स्लीप अॅप्निया किंवा हृदयविकार लागतो, आणि आधीचे उपाय फसल्याची नोंदही. दाखल होण्याआधी लेखी पूर्वमंजुरी मागा.

ऑपरेशनला आता आठ महिने झाले. पाहुण्यांत गेलं की 'एवढंसंच?' म्हणून वाढत राहतात. तांबडा-पांढरा रस्सा कायमचा सोडायचा का?
— एक वाचक, महाद्वार रोड

सोडायचा नाही, क्रम बदलायचा. आधी मटणाचे दोन-तीन तुकडे, मग भाकरीचा चतकोर, आणि भूक उरली तरच भात. रश्शाची वाटी जेवणाबरोबर भुरकायची नाही, कारण पातळ पदार्थ घास खाली वाहून नेतो, पोट भरल्याचं कळत नाही आणि दीड तासात पुन्हा भूक लागते. वजन परत वाढतं ते बहुतेकदा याच वाटेनं. पांढऱ्यात नारळ, काजू, खसखस असते, तेव्हा चार चमचे पुरे. वाढणाऱ्याला कारणं देत बसू नका. ताटात भाकरीचा एक तुकडा शेवटपर्यंत ठेवा, रिकामं ताट दिसलं की कोल्हापुरात पळी थांबत नाही.