पायाचं दुखणं ओळखायचं, पण कुठल्या शब्दात?

ताई म्हणून विचारलंस म्हणून अगं-तुगंच करते. दोन महिन्यांनी तू परदेशात नर्सिंग होममध्ये जॉइन होतेयस, वयस्कर पेशंट, बरेच डायबेटिसवाले, तर पायाच्या धमन्या अरुंद होण्याचा आजार, म्हणजे पीएडी, रोजच्या कामात कसा ओळखायचा, हा तुझा एक प्रश्न. आणि मुलीला घेऊन गेले तर निभेल का, एकटं वाटतं का, हा दुसरा. व्हिसाचं आणि फॉर्मचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडते. तुझा पहिला प्रश्न वाचून मला रात्री झोप लागली नाही, कारण याच आजारात माझ्या हातून एक गोष्ट घडलीये.

पुस्तकातलं तुला येतंच. चाललं की पोटरी दुखते, थांबलं की काही मिनिटांत उतरते, परत तेवढंच चाललं की परत दुखते. पण नर्सिंग होममधली माणसं चालतात कुठे गं? बेड ते खुर्ची, खुर्ची ते बाथरूम. जो चालतच नाही त्याची पोटरी दुखणार कधी? आजार आत वाढत राहतो आणि आपल्याला पहिल्यांदा दिसतं ते थेट रात्रीचं दुखणं, नाहीतर बोटावरची न भरणारी जखम. आणि डायबेटिसने पायाची जाणीव गेली असेल तर दुखणंही नाही, फक्त जखम.

पहिल्या वर्षी माझ्याकडे एक आजोबा होते. रात्री राउंडला गेलं की त्यांचा उजवा पाय बेडबाहेर लोंबत असायचा. मी तो उचलून आत ठेवायचे, वरून पांघरूण घालायचे, मला वाटायचं किती नीट काळजी घेतेय मी. पुढे ते खुर्चीतच झोपायला लागले, पाय सुजला, सुजला म्हणून आम्ही तो उशांवर उंच ठेवला आणि दिवसाच्या शिफ्टने प्रेशरचे घट्ट मोजे घातले. सगळं उलटं केलं गं आम्ही. आडवं झालं की रक्त खाली न्यायला वजनाची मदत उरत नाही म्हणून पाय ठणकतो, खाली सोडला की थोडं रक्त उतरतं आणि बरं वाटतं, आणि रात्रभर लोंबता ठेवला की सूज येते. त्या सुजेला आम्ही शिरांचा आजार समजलो. ज्या पायात रक्त आधीच कमी पोचतंय तो उंच ठेवून द्यायचा नाही आणि एबीआय, म्हणजे घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं प्रेशर, बघितल्याशिवाय त्याला घट्ट मोजे घालायचे नाहीत.

मी त्यांना रोज विचारायचे, दुखतंय का? ते नाही म्हणायचे आणि एक शब्द बोलायचे जो मला कळायचा नाही. भाषेची परीक्षा मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. आपल्याकडे ठणका, गोळा, वांब, मुंग्या, भरून येणं, आग होणं, बधिर पडणं असे किती शब्द आहेत, आणि त्या भाषेत माझ्याकडे एकच होता, दुखणं. त्यांच्या लेखी ते दुखणं नव्हतंच, आग होत होती.

आणि तेव्हा मी कागदावर नर्सच नव्हते. कॉलेजने पाठवलेल्या तासांच्या दाखल्यावर एका पानाला शिक्का नव्हता, तेवढ्यासाठी ११ महिने माझं रजिस्ट्रेशन अडलं आणि मी मदतनीस म्हणून राबले, आठ वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई. फाइल पोस्टाने गेली, परत आली, तोपर्यंत आधीच्या एका दाखल्याची मुदत संपली, परत पहिल्यापासून. पायाची नाडी बघायला कुणी मनाई केली नव्हती, पण ती लिहायचा अधिकार नव्हता, म्हणून मी हळूहळू बघायचंच सोडून दिलं. दोष शिक्क्याला द्यायला मला आवडतं, पण बोटं तर माझीच होती ना.

शेवटी एका सीनियर नर्सला ड्रेसिंग बदलताना दोन बोटांच्या मधे काळा डाग दिसला. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. महिनाभर आधी बोलले असते तर वाचला असता का, हे मी कुठल्याच डॉक्टरांना विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

आता मी काय करते ते सांगते. दोन्ही मोजे काढते, एक नाही, दोन्ही, आणि बोटांच्या फटी आणि टाचेची मागची बाजू बघते. हाताच्या पालथ्या बाजूने वरून खाली स्पर्श करते, एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का, कुठून गार होतो. पावलावरची नाडी आणि आतल्या घोट्यामागची नाडी, दोन्ही, अंगठ्याने नाही, नाहीतर स्वतःचीच लागते. काही धडधाकट माणसांनाही पावलावरची लागत नाही, म्हणून घोट्यामागची सोडू नकोस, आणि सापडली की पेनाने खूण कर, पुढच्या शिफ्टवालीचा जीव वाचतो. चकचकीत कातडी, गेलेले केस, जाड नखं, हे म्हातारपणातही दिसतं, तेवढ्यावरून ठरवू नकोस. त्यापेक्षा पाय थोडाच वेळ वर उचलून पांढरा पडतो आणि खाली सोडला की लालभडक होतो का ते बघ, तो लालपणा कित्येकदा इन्फेक्शन समजला जातो. सावळ्या-काळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, तिथे तळवा आणि नखं बघ. जखम बोटांच्या टोकाला, टाचेवर किंवा बाहेरच्या घोट्यावर, कडा कापल्यासारख्या, तळ फिकट, रक्त जवळपास नाही, तर धमनीचा विचार कर. शिरांची जखम बहुतेक आतल्या घोट्याच्या वर, उथळ आणि ओली असते.

एबीआय ०.९० किंवा कमी म्हणजे पीएडी. पण डायबेटिस आणि किडनीच्या पेशंटच्या धमन्या कडक होतात, बीपीच्या पट्ट्याने दाबल्याच जात नाहीत, आकडा १.४० च्या वर येतो किंवा चक्क नॉर्मल दिसतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यायला सांग. आणि पाय अचानक गार, पांढरा, बधिर, हलेना, नाडी नाही, असं झालं तर सकाळच्या डॉक्टरची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला इमर्जन्सी, साधारण ६ तासांत स्नायू कायमचे जायला लागतात.

मुलीचं म्हणशील तर माझीला भाषा येत नाही म्हणून एक वर्ग खाली बसवलं. गणित तिला वरच्या वर्गाचं येत होतं, ते कुणी तपासलंच नाही. ती वर्षभर गप्प होती आणि शाळा म्हणायची, शांत आहे, छान रमली. आज ती ठीक आहे, चांगली शिकतेय, पण त्या मीटिंगमध्ये मी मान डोलावून सही केली ती मला अजून खुपते. तू सही करायच्या आधी गणिताची परीक्षा घ्यायला लाव. एकटेपणा येतो, जातो, त्याचं फार मनावर घेऊ नकोस.

जायच्या आधी एक कर. 'पाय असा खाली सोडला की बरं वाटतं का?' हे वाक्य त्या भाषेत आत्ताच पाठ कर, आणि जळणं, ठणकणं, बधिर होणं यांचे शब्द तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलीतले, परीक्षेच्या पुस्तकातले नाही. लोंबता पाय आत ठेवायच्या आधी ते विचार. मला ते वाक्य नीट म्हणता यायला दीड वर्ष लागलं.