वाचकांचे प्रश्न : खुर्चीची पाठ कुठं लवावी, कुठं लवू नये

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. खानापूर तालुक्यात माझं फर्निचरचं छोटं दुकान आहे. गावच्या सोसायटीच्या ऑफिससाठी मी सहा खुर्च्या केल्या. १८ एमएम प्लायची सरळ पाठ, वर दोन इंची फोम, त्यावर रेक्झिन. दिसायला एक नंबर झाल्या. पण महिनाभरात कारकून म्हणायला लागले, कंबर धरते. एका ताईंनी तर घरची उशी आणून पाठीमागं ठेवलीय. बेळगावात जाऊन जाळीच्या खुर्च्या बघितल्या, त्या मागं रेललं की लवतात. म्हणून एका खुर्चीला ६ एमएमचा प्लाय लावून बघितला. पंधरा दिवसांत तो बुडाशी चिरला. लवणारी आणि तरी आधार देणारी पाठ माझ्या दुकानात, प्लायमध्ये करता येईल का?
— एक सुतार, खानापूर तालुका

उत्तर : करता येईल. आणि तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट ती उशी आहे. उद्या टेप घेऊन सोसायटीत जा. ताई उशीला टेकून नीट बसल्या असताना, दबलेल्या गादीपासून उशीचा फुगवटा किती उंचीवर आहे ते मोजून घ्या. रिकाम्या गादीवरून मोजू नका. माणूस बसला की गादी दोन-तीन सेंमी खाली जाते आणि सगळं माप तेवढ्यानं चुकतं. आम्ही पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना, करणारी माणसं हा धडा पहिल्या वर्षीच शिकतो : बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ओतकाम थंड होताना शंभराला साधारण एक आकसतं, म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा धरायचा. काम चालू असताना वस्तू जशी असेल, तिचं माप घ्यायचं. ताईंची उशी १७ ते २१ सेंमीच्या दरम्यान निघेल असा माझा अंदाज आहे. मी स्वतः १९ धरतो.

तिथंच आधार का लागतो, ते सांगतो. उभ्या माणसाचा कणा कंबरेत पुढच्या बाजूला वळलेला असतो. खुर्चीत बसलं की मांडीमागचे स्नायू ताणले जातात, ते कमरेचं मोठं हाड मागं कलंडवतात आणि ती कमान सपाट होते. अमेरिकेतल्या कीगन नावाच्या शल्यचिकित्सकानं १९५३ साली एक्स-रे काढून हे दाखवलं. पुढं स्वीडनमध्ये नाकेमसन यांनी मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला, आणि १९७४ साली तिथल्याच अँडरसन-ऑर्टेनग्रेन यांच्या मोजणीत दिसलं की पाठ मागं रेलवली आणि कंबरेला आधार दिला, की चकतीवरचा दाब उतरतो. दोन्ही पाहिजेत, आधारही आणि रेलणंही. तुमच्या सरळ प्लायमध्ये दोन्ही नाहीत, आणि दोन इंची मऊ फोम तर कंबरेला काहीच परत देत नाही. नुसता दबत जातो.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे ती तुम्ही करणार नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये मी ३१ वर्षं काम केलं. शेवटी शेवटी मला ड्रॉइंग तपासायला टेबलावर बसवलं. खुर्ची ताठ पाठीची होती. सहा महिन्यांत अशी गत झाली की सकाळी चप्पल घालायला वाकता येईना. एका रविवारी मी मोल्डिंगचा, म्हणजे ओतकामाची वाळू भरायचा, बॉक्स उभा केला, त्यात ओली वाळू हलकी ठोकून भरली, वर प्लॅस्टिकचा कागद लावला, समोर स्टूल ठेवून बसलो आणि पाठ टेकली. उठून बघितलं तर माझ्या पाठीचा ठसा जसाच्या तसा उठलेला. कंबरेशी वाळूचा फुगवटा राहिलेला, वर दोन्ही खांद्यांच्या पात्यांचे दोन खळगे, मधून मणक्यांची बारीक पन्हळ. त्या ठशावरून पुठ्ठ्याची टेम्प्लेटं कापली आणि सागवानात हुबेहूब पाठ कोरली. पटाशी, गोल रंधा, पॉलिश पेपर, तीन रविवार गेले.

पहिला अर्धा तास फार सुखाचा गेला. मग फोन घ्यायला वळलो, खालच्या खणातून फाईल काढली, पुन्हा टेकलो, तर तोच फुगवटा बरगडीखाली टोचायला लागला. घरी आणली. माझी बायको माझ्यापेक्षा वीतभर बुटकी. तिला तो फुगवटा पार पाठीच्या मध्यावर लागला. ती दोन मिनिटंही बसली नाही. त्या दिवशी मला कळलं की बसलेला माणूस सारखा हलत असतो, आणि कठीण लाकडात कितीही अचूक आकार काढला तरी तो एका माणसाच्या एका क्षणाचा असतो. पाठीला त्या माणसामागून जाता आलं पाहिजे.

तुमचा ६ एमएमचा प्लाय लवला, पण सगळीकडून सारखा लवला आणि सगळा ताण बुडाशी गोळा झाला, म्हणून चिरला. एक नियम पक्का लक्षात ठेवा. पट्टी जाडीला दुप्पट केली की आठपट ताठ होते. लांबीला दुप्पट केली की आठपट लवते. दोन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर ताठपणा दुप्पटच होतो, कारण वाकताना त्या एकमेकींवर घसरतात. चिकटवल्या की आठपट. जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा गठ्ठा वेल्डिंग करून एकजीव का करत नाहीत, ते यावरून समजेल.

या नियमावर माझी पाठ उभी आहे. एका अखंड फळीऐवजी पाच उभ्या रिपा घ्या, प्रत्येकी ४५ एमएम रुंद आणि पकडीपासून वर ४० सेंमी. खाली त्या एका आडव्या पट्टीत घट्ट पकडायच्या, आणि ही पट्टी दबलेल्या गादीपासून १० सेंमी वर ठेवायची. खालची मोकळी जागा कुल्ल्यांसाठी आहे. ती बुजवली तर माणूस पुढं ढकलला जातो आणि कंबर टेकतच नाही. आता बघा : कंबरेचा आधार १९ सेंमीवर, म्हणजे पकडीपासून अवघा ९ सेंमी. खांद्याच्या पात्याखालची जागा पकडीपासून २७ सेंमीवर. लांबी तिप्पट झाली, म्हणजे तीच रीप तिथं २७ पट सहज लवणार. कंबरेला ठाम, वर मऊ. वेगळी स्प्रिंग लागत नाही.

रीप ३ एमएमच्या प्लायचे थर चिकटवून करा, वरच्या थराचे लाकडी धागे उभे ठेवून. बुडाशी चार थर, पकडीपासून १५ सेंमी वर गेल्यावर तीन, आणि शेवटच्या १२ सेंमीत दोन. थराचं टोक अचानक कापू नका, रंध्यानं उतरतं करा. चिकटवताना सगळे थर साच्यात दाबायचे. साचा सागाचा किंवा जाड प्लायचा चालेल, त्यात ९ सेंमीच्या खुणेवर पुढं तीन सेंमीचा बाक काढा. साच्यातून निघाल्यावर रीप थोडी उलगडते आणि अडीच सेंमी उरतो, तेवढाच हवा. रात्रभर शिकंज्यात ठेवा. जुलै-ऑगस्टात आपल्याकडं हवेला पाणी सुटलेलं असतं, तेव्हा दोन दिवस ठेवा, घाई करू नका.

बुडाच्या पकडीकडं सगळ्यात जास्त लक्ष द्या. तुमचा प्लाय जिथं चिरला तिथं पट्टीची कड धारदार असणार. ओतकामातसुद्धा आतला कोपरा धारदार ठेवला की तिथूनच तडा जातो, म्हणून आम्ही प्रत्येक कोपऱ्याला गोलाई देतो. पकडपट्टीच्या वरच्या कडेला, पुढून आणि मागून, १० एमएमची गोलाई द्या. रीप आणि पट्टीच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. बोल्ट दोन रिपांच्या मधल्या फटीतून न्या. रिपेला भोक पाडू नका. वरच्या टोकांना आडवी लाकडी पट्टी ठोकायचा मोह होईल, पण ती ठोकली की पाचही रिपा एकत्र बांधल्या जातात आणि माणूस कुशीवर वळला तर एकही त्याच्याबरोबर जात नाही. तिथं निवारीचा एक पट्टा ओवून घ्या, थोडा सैल. फोम ४० डेन्सिटीचा, एक इंचापेक्षा जास्त नको.

तयार झाल्यावर पाठीच्या वरच्या टोकाला काटा अडकवून १० किलोच्या जोरानं मागं ओढा. दीड-दोन सेंमी मागं जाऊन पाठ पुन्हा जाग्यावर आली पाहिजे. कमी लवली तर वरच्या भागाचा मागचा थर रंध्यानं थोडा उतरवा. आणि एकदम सहा करू नका. एक करा, त्या ताईंनाच द्या, पंधरा दिवस बसू दे. त्या जे सांगतील ते ऐकून मगच बाकीच्या पाच.

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या आणि सुपं विणतात. अलीकडं गिऱ्हाईक खुर्चीला बांबूची पाठ करून मागतात. विणलेली पाठ वर्षभरात पोचट होते आणि कामट्या मोडतात. काय चुकतं?
— एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, तुमच्या हातातलं काम माझ्यापेक्षा कितीतरी जुनं आहे, त्यामुळं मी फक्त दोन गोष्टी सांगतो.

पहिली, सालीची बाजू. बांबूचे धागे सालीलगत दाट आणि आत गेलं की विरळ असतात. ताण सहन करते ती साल. म्हणून कामटी वाकताना जी बाजू ताणली जाते तिकडं साल यायला पाहिजे. आडवी कामटी दोन्ही खांबांत अडकवली असेल, तर माणूस टेकल्यावर ती मागच्या बाजूला फुगते, म्हणजे ताण मागं. साल मागं ठेवा. कामटी उभी आणि फक्त बुडाशी पकडलेली असेल, तर उलट होतं : ताण पुढच्या बाजूला येतो, तेव्हा साल माणसाच्या पाठीकडं. मी बघितलेल्या बहुतेक खुर्च्यांत छान दिसते म्हणून साल सरसकट पुढंच असते, आणि आडव्या कामट्या मग मागून चिरतात. एक कामटी हातात घेऊन दोन्ही अंगांनी वाकवून बघा, आवाजावरूनच कळेल.

दुसरी, पोचट होणं. टोपलीची वीण भार पोटात घेते, खुर्चीची वीण रोज आत-बाहेर होते. वीण एकमेकीवर घासून सैल पडते. घरच्या बाजेची निवार आपण वर्षातून एकदा खेचून आवळतो की नाही? तशीच सोय पाठीला ठेवा. कामट्या आडव्या, आणि त्यांना धरणारा निवारीचा पट्टा पायथ्याशी दोरीनं आवळता येईल असा. १९९४ साली अमेरिकेत एरॉन नावाची खुर्ची आली, तिच्यात फोमची गादी नव्हती, चौकटीत ताणलेली जाळी होती. त्यावर जगभर कौतुक झालं. ताणलेल्या विणीवर अंग टाकणं आपल्या बाजेला कधीपासून माहीत आहे, म्हणून तुमच्या कामाकडं लोक वळताहेत याचा मला फार आनंद आहे.

बांबू मात्र तीन वर्षांच्या वरचा घ्या आणि कीड लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवून घ्या. आमच्या लहानपणी लोक तो वाहत्या ओढ्यात काही आठवडे बुडवून ठेवत. त्यानं आतला गोडवा निघून जातो आणि भुंगा फिरकत नाही.

प्रश्न : मी घरी ब्लाउज शिवते, दिवसाला सहा-सात तास मशीनवर. स्टुलाला पाठ बसवून घेऊ का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : उंच पाठ बसवू नका, पैसे वाया जातील. टाका घालताना तुम्ही पुढं झुकलेल्या असता, तेव्हा पाठ कशालाच टेकत नाही. आधी स्टुलाच्या मागच्या दोन पायांखाली तीन सेंमीचे ठोकळे द्या, घट्ट ठोकून. बैठक पुढं उतरती झाली की गुडघे कमरेपेक्षा खाली जातात आणि कमरेची कमान सपाट होत नाही. मग दबलेल्या गादीपासून १९ सेंमीवर मध्य येईल अशी एक छोटी गादीची पट्टी बसवा, १५ सेंमी उंच आणि ३० सेंमी रुंद. खालची जागा मोकळी. दोरा बदलताना, हुक लावताना तिला टेकायचं. अर्ध्या तासानं एकदा उठून दारापर्यंत जाऊन या.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. त्यावर स्टुलाचा उपाय करत बसू नका. या आठवड्यात हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि लघवीवरचा ताबा कमी झाल्यासारखा वाटला किंवा पाय लुळा पडायला लागला तर त्याच दिवशी जा. स्टूल मागनं करू.