पेस्कारा : चार गावांच्या रस्त्यावरचं २५ किलोमीटरचं सर्किट

प्रश्न : फॉर्म्युला वनचं सगळ्यात लांब सर्किट जर्मनीतलं नुर्बुर्गरिंग, असं मी मित्राला छातीठोक सांगितलं. तो म्हणतो इटलीत पेस्कारा म्हणून त्याहून मोठं होतं. खरंय का, आणि असेल तर ते गेलं कुठे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मित्राचं बरोबर आहे. नुर्बुर्गरिंगचा जुना मोठा लॅप, म्हणजे एक पूर्ण फेरी, २३ किलोमीटरच्या आत होता आणि पेस्काराचा २५ च्या वर, आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपची ग्रांप्री झालेल्या सर्किटांमध्ये हा रेकॉर्ड अजून पेस्काराच्याच नावावर आहे, तोही एकाच शर्यतीच्या जोरावर, १८ ऑगस्ट १९५७ ची.

पण "गेलं कुठे" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ते कुठेच गेलेलं नाही. कारण सर्किट असं वेगळं काही बांधलेलंच नव्हतं. पेस्कारा हे एड्रियाटिक समुद्राकाठचं शहर. तिथून निघून रस्ता आत वळायचा, स्पोल्तोरेच्या टेकड्या चढायचा, कापेल्ले नावाच्या गावातल्या घरांमधून जायचा, मग मोंतेसिल्वानोपर्यंत जवळजवळ सरळ उतार, तिथे उजवीकडे वळलं की समुद्राला समांतर परत पेस्कारा. रोजचा रस्ता हो! शर्यतीच्या दिवशी बंद करायचे, बाजूला झाडं, खांब, घरांच्या भिंती सगळं तसंच.

सुरुवात १९२४ ची. तेव्हा नाव कोप्पा आचेर्बो. मुसोलिनीच्या सरकारातले जाकोमो आचेर्बो इथले, त्यांचा भाऊ तीतो पहिल्या महायुद्धात मारला गेला, त्याच्या आठवणीत ही शर्यत. आणि पहिल्याच वर्षी जिंकलं कोण माहितीये? एन्झो फेरारी! तेव्हा ते अल्फा रोमिओचे ड्रायव्हर होते, स्वतःची कंपनी वगैरे पुष्कळ पुढची गोष्ट. मला या सर्किटचा सगळा इतिहास या एका माणसाभोवती फिरताना दिसतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

दहा वर्षांनी, १९३४ मध्ये, याच रस्त्यावर शर्यतीत गाय मोल हा ड्रायव्हर मारला गेला. वय अवघं २४, आणि गाडी एन्झोंच्या टीमची, स्कुदेरिया फेरारीची. त्याच वर्षी त्यानं मोनॅकोची ग्रांप्री जिंकलेली. फार मोठा ड्रायव्हर झाला असता असं मला मनापासून वाटतं.

युद्धानंतर फॅसिस्ट काळातलं आचेर्बो हे नाव गेलं, शर्यत पुन्हा सुरू झाली. मग १९५७. त्या वर्षी बेल्जियम आणि हॉलंडच्या ग्रांप्री रद्द झाल्या म्हणून पेस्काराला चॅम्पियनशिपमध्ये जागा मिळाली. पण त्याच मे महिन्यात मिले मिल्या या इटलीतल्या रस्त्यांवरच्या शर्यतीत ड्रायव्हर पोर्तागोची फेरारी टायर फुटून गर्दीत घुसली, तो गेला, शेजारी बसलेला साथीदार नेल्सन गेला आणि नऊ प्रेक्षक गेले, त्यात पाच लहान मुलं. एन्झोंवर खटला भरला गेला. अशात ते पेस्काराला नेहमीची टीम पाठवायला तयार नव्हते, शेवटी ड्रायव्हर लुइजी मुस्सोला एक गाडी दिली, एकच. ३३ वर्षांपूर्वी ज्या रस्त्यानं त्यांना विजय दिला तिथे!

मुस्सोनं पहिला लॅप पुढे राहून काढला, मग ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसची हिरवी व्हॅनवॉल गाडी पुढे गेली ती गेलीच. मुस्सोचं इंजिन गेलं, तेल रस्त्यावर सांडलं, त्यावरून अर्जेंटिनाच्या फॅन्जिओची मासेराती गाडी घसरली, तरी तो दुसरा आला. १८ लॅप, जवळपास तीन तास, आणि मॉस तीन मिनिटांहून जास्त पुढे. सगळ्यात वेगवान लॅप पावणेदहा मिनिटांचा, म्हणजे सरासरी ताशी १५० किलोमीटरच्या वर, ते पण गावातून. विचार केला तरी पोटात गोळा येतो.

बंद का पडलं ते यातच आलं. २५ किलोमीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांना सुरक्षित ठेवायचं म्हणजे किती कठडे, किती माणसं लागणार? इटलीतल्याच मोंझा सर्किटसारखं कुंपण घातलेलं मैदान नव्हतं हे. १९६१ ला स्पोर्ट्स कारची चार तासांची शर्यत झाली, ती फेरारी गाडीनंच जिंकली, आणि ती शेवटची. एन्झोही मिले मिल्याच्या खटल्यातून १९६१ मध्येच सुटले.

प्रश्न : आज तिथे जाऊन तो लॅप मारता येतो का? (तेच वाचक)

उत्तर : रस्ते चालू आहेत, त्यामुळे कोणीही गाडीनं जाऊ शकतं, अर्थात स्पीड लिमिट पाळून. शहर खूप वाढलंय, किनाऱ्याकडच्या भागात सिग्नल आणि इमारतींमध्ये जुन्या सरळ रस्त्याचा अंदाज येणं अवघड. टेकड्यांचा भाग मात्र जरूर करा, स्पोल्तोरेची वळणं आणि कापेल्लेतून खाली समुद्राकडे जाणारा उतार. त्या उतारावर गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं नुसते उभे राहा.